उभी गाडी, चालू इंजिन आणि कलम १८५ : एका प्रकरणाचा अभ्यास

"प्यायलो होतो, पण गाडी चालवत नव्हतो. नुसता आत बसलो होतो." ड्रंक अँड ड्राइव्हच्या केसेस चालवणाऱ्या वकिलाच्या कानावर हे वाक्य कायम पडतं आणि पुष्कळदा ते खोटं असतं. पुढे नाकाबंदी दिसली म्हणून गाडी कडेला घेतलेली असते, इतकंच. या प्रकरणात मात्र ते अक्षरशः खरं होतं, आणि तरीही ते सिद्ध व्हायला वर्षाहून जास्त काळ गेला. वकील म्हणून मी ही केस चालवली. पक्षकाराच्या परवानगीने ती इथे मांडतोय. नाव बदललं आहे, शहर सांगितलेलं नाही. प्रकरण महाराष्ट्रातलं आहे आणि २०२४ च्या पावसाळ्यातलं आहे.

पार्श्वभूमी

नितीन चाळिशीतला, फिरतीच्या नोकरीतला माणूस. रोजचं काम गाडीशिवाय होत नाही, म्हणजे लायसन्स गेलं तर नोकरीवर परिणाम. त्या रात्री ऑफिसमधल्या एकाचा निरोप समारंभ होता. नितीन आठच्या सुमारास हॉटेलवर पोचला. आतलं पार्किंग भरलेलं होतं, म्हणून गेटच्या बाजूला सर्व्हिस रोडवर, पेव्हर ब्लॉकच्या सपाट पट्ट्यावर त्याने गाडी लावली. येतानाच त्याने ठरवलं होतं की पिणार आहोत तर परत कॅबने जायचं आणि गाडी सकाळी न्यायची. गेटवरच्या वॉचमनला त्याने तसं सांगितलंही होतं. पुढे या एका वाक्याला फार किंमत आली.

साडेदहाला पाऊस सुरू झाला तो थांबेचना. बारानंतर पार्टी संपली. नितीनने अ‍ॅपवरून कॅब बोलावली, ड्रायव्हरने रद्द केली. दुसरी बोलावली, तीही रद्द झाली. फोनची बॅटरी संपत आली होती आणि चार्जिंगची केबल गाडीत होती. तो जाऊन गाडीत बसला, नेहमीच्या सवयीने ड्रायव्हरच्या सीटवर. किल्ली फिरवल्याशिवाय चार्जिंग होत नव्हतं. मग काचांवर वाफ धरली, गुदमरल्यासारखं झालं, म्हणून त्याने इंजिन चालू करून एसी लावला. तिसऱ्या कॅबची वाट बघता बघता त्याला झोप लागली.

नेमकं काय घडलं

एकच्या पुढे गस्तीची गाडी आली. पावसात, पार्किंग लाइट लागलेली, इंजिन चालू असलेली गाडी आणि स्टिअरिंगवर मान टाकलेला माणूस. पोलिसांनी थांबून चौकशी केली यात त्यांचं काहीच चुकलं नाही. अशा स्थितीत माणूस आजारीही असू शकतो.

काच वाजवल्यावर नितीन जागा झाला. हवालदारांनी विचारलं, "कुठं निघालात?"

नितीन म्हणाला, "घरीच निघालोय, साहेब."

झोपेतून उठलेला, घाबरलेला माणूस असंच उत्तर देतो. त्याच्या मनात होतं, कॅबची वाट बघतोय. तोंडातून निघालं ते असं. हवालदारांनी गाडी बंद करायला लावली, किल्ली घेतली, खाली उतरवलं आणि मशीनमध्ये फुंकायला सांगितलं. आकडा आला ८४. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ तिप्पट. तिथून पोलीस ठाणे, मग सरकारी रुग्णालयात तपासणी आणि रक्ताचा नमुना. गाडीचा नंबर दिसेल असा फोटोही काढला गेला. पहाटे बायको रिक्षाने आली. तिच्याकडे लायसन्स होतं, त्यामुळे गाडी तिच्या ताब्यात दिली गेली. नितीनचं लायसन्स पोलिसांनी ठेवून घेतलं.

कागदावर मात्र लिहिलं गेलं की सदर इसम मद्यप्राशन करून वाहन चालवत येत असताना मिळून आला.

प्रश्न काय होता

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १८५ 'वाहन चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना' ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल रक्तात असण्याला गुन्हा म्हणतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. सिग्नल तोडल्यासारखा जागेवर दंड भरून हा गुन्हा मिटत नाही, कोर्टात जावंच लागतं.

या कलमात 'बसणं' नाही. 'गाडी ताब्यात असणं' नाही. इंग्लंडमध्ये ते आहे. तिथल्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यात गाडी चालवणं, चालवायचा प्रयत्न करणं आणि नशेत गाडीचा ताबा असणं अशा तिन्ही गोष्टी गुन्हा आहेत. मात्र नशा उतरेपर्यंत गाडी चालवण्याची शक्यताच नव्हती हे आरोपीने दाखवलं, तर ताब्याच्या गुन्ह्यातून तो सुटतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत गाडीवर प्रत्यक्ष नियंत्रण असणं पुरेसं धरतात. आपल्याकडे लोक तिकडचे व्हिडिओ बघून "मागच्या सीटवर झोपलं तरी पकडतात" असं एकमेकांना सांगत असतात. ते आपल्या कलमाला लागू नाही.

पण म्हणून उभ्या गाडीत बसलेला माणूस आपोआप सुटतो, असंही नाही. आपल्या कायद्यात 'चालवणं' म्हणजे काय याची व्याख्या दिलेली नाही. भर रस्त्यात गाडी थांबलीय, चालक स्टिअरिंगवर झोपलाय, बॉनेट गरम आहे, गाडीत दुसरं कोणी नाही. अशा वेळी गाडी तिथे आली कशी, याला एकच उत्तर उरतं. पोलिसांनी ती चालताना पाहिली नसली तरी परिस्थितीवरून चालवणं सिद्ध होऊ शकतं, आणि तसं व्हायलाच हवं. नितीनच्या प्रकरणात म्हणून दोन प्रश्न होते. पिऊन झाल्यावर गाडी जागची हलली होती का? आणि हलली नसेल, तर इंजिन चालू करणं हा 'प्रयत्न' होतो का?

दुसरा प्रश्न खरा अवघड. इरादा, तयारी आणि प्रयत्न या तीन पायऱ्या आपल्या न्यायालयांनी वेगळ्या मानल्या आहेत. साठच्या दशकाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयासमोर परवान्याशिवाय पंजाबातून दिल्लीकडे निघालेल्या भाताच्या ट्रकचं प्रकरण आलं होतं. ट्रक हद्दीच्या बराच अलीकडे अडवला गेला होता. चालकाचं मन अजून बदलू शकलं असतं, तेव्हा ही फक्त तयारी, असं न्यायालयाने ठरवलं. उलट १९८० मध्ये महाराष्ट्रातल्या खाडीकाठी रात्री तस्करीची चांदी उतरवली जात असताना पकडलेल्यांच्या बाबतीत तो प्रयत्न धरला गेला. चांदी खाडीच्या काठापर्यंत आणून झाली होती. म्हणजे गुन्ह्याच्या किती जवळ पोचलात आणि त्या कृतीतून इरादा उघड दिसतो का, हे बघायचं.

गाडीच्या बाबतीत याचा अर्थ असा. हँडब्रेक सोडलेला, गिअर टाकलेला, इंडिकेटर लावलेला असेल तर प्रयत्न. न्यूट्रलवर, हँडब्रेक ओढून, एसीसाठी इंजिन चालू असेल तर प्रयत्न म्हणणं कठीण. मधे बरीच धूसर जागा आहे आणि नितीनचं "घरीच निघालोय" त्याला त्या जागेत ढकलत होतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय गुन्हा कबूल करून मोकळं होण्याचा. नातेवाईकांचा आग्रह हाच होता. "दहा हजार भर आणि विषय संपव." पहिल्याच गुन्ह्याला कोर्ट बहुधा दंडावर सोडतं, हेही खरं. पण कबुली म्हणजे दोषसिद्धी. ती नोंद राहते, आणि पुढे कधी काही झालंच तर तो 'दुसरा गुन्हा' ठरतो. ज्या माणसाने गाडी न चालवण्याचा निर्णय घेतला होता त्याने गाडी चालवल्याची कबुली द्यायची, हे मला पटत नव्हतं. निर्णय अर्थात नितीनचा होता. त्याला रात्रभर विचार करायला सांगितलं.

दुसरा पर्याय उच्च न्यायालयात जाऊन खटलाच रद्द करून घेण्याचा. खर्च जास्त, आणि गाडी चालत होती की उभी होती हा वस्तुस्थितीचा वाद तिथे सहसा ऐकला जात नाही. तो सोडला.

तिसरा, खटला लढवणं. त्यातही दोन रस्ते होते. मशीनवर हल्ला करता आला असता. तपासणी कधी झाली होती, नळी नवी होती का, रक्ताच्या अहवालातला वेळ जुळतो का. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की तोंडाला वास, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या आणि चाल अडखळती, एवढ्यावरून नशा सिद्ध होत नाही. पण इथे मशीनचा आकडा होता, रक्ताचा अहवालही होता, आणि मुख्य म्हणजे नितीन प्यायला होता. आम्ही ठरवलं की पिणं नाकारायचं नाही. वाद एकाच गोष्टीवर ठेवायचा, गाडी. सगळंच नाकारणाऱ्या आरोपीचं खरंही कोर्टाला खोटं वाटायला लागतं, असा माझा अनुभव आहे.

काय केलं

पुराव्याची घाई सगळ्यात आधी केली. सीसीटीव्हीचं जुनं चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं. नितीन माझ्याकडे आला त्याच आठवड्यात हॉटेलला लेखी अर्ज देऊन गेटच्या कॅमेऱ्याचं आठ ते दीडपर्यंतचं चित्रण जपून ठेवायला सांगितलं. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणारं प्रमाणपत्रही हॉटेलकडून घेतलं. नुसता पेन ड्राइव्ह नेऊन चालत नाही, ते प्रमाणपत्र नसेल तर उत्तम चित्रणही बाजूला पडतं. गंमत अशी की कॅमेऱ्याच्या कोनात गाडीचा फक्त मागचा कोपरा येत होता आणि पावसात तोही अंधुक. तो कोपरा जागेवरून हलत नाही इतकं दिसत होतं. मदत झाली, पण एकट्यावर भरवसा ठेवावा असं ते नव्हतं.

कॅब अ‍ॅपमधल्या रद्द झालेल्या बुकिंगचे तपशील, त्यांच्या वेळांसकट, काढून घेतले. वॉचमन साक्षीला यायला तयार नव्हता, नोकरीची भीती होती. त्याला समजावण्यात बरेच दिवस गेले.

निर्णायक पुरावा मात्र पोलिसांच्या कागदांतच होता. आरोपपत्राबरोबर त्यांनीच काढलेला गाडीचा फोटो होता. नंबर प्लेट मधोमध, फ्लॅशचा उजेड, आजूबाजूचे पेव्हर ब्लॉक पाण्याने चकाकणारे. आणि गाडीच्या खाली, बंपरपासून आत, ब्लॉकचा फिकट राखाडी कोरडा चौकोन. पाऊस साडेदहाला सुरू झालेला. गाडी एक वाजता चालवत आणली असती तर तिच्याखालची जमीन ओली असायला हवी होती. पहिल्यांदा कागद चाळताना माझं तिकडे लक्ष गेलं नव्हतं. नितीनच्या बायकोने फोटो मोठा करून दाखवला.

'मिळून आला' हा मजकूर छापील नमुन्यातला होता. उलटतपासणीत हवालदारांनी प्रामाणिकपणे सांगितलं की गाडी चालताना पाहिली नाही, पोचलो तेव्हा ती उभी होती. हँडब्रेक ओढलेला होता का, गिअर कुठला होता, बॉनेट गरम होतं का, यातलं काहीही लिहून ठेवलेलं नव्हतं. "घरीच निघालोय" या वाक्यावर सरकार पक्षाचा भर होता. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून वापरता येत नाही, ही हरकत आम्ही घेतली. ते वाक्य कबुलीत मोडतं की नुसत्या उत्तरात, यावर वाद होऊ शकतो आणि झालाही. शेवटी त्याच्या जोडीला कॅबच्या बुकिंगच्या वेळा होत्या, म्हणून ते वाक्य हलकं पडलं.

निकाल

न्यायदंडाधिकाऱ्यांनी नितीनला संशयाचा फायदा देऊन निर्दोष सोडलं. गाडी पावसाआधीपासून जागेवर होती हे त्यांनी मान्य केलं. प्रयत्नाबद्दल त्यांनी लिहिलं की चालू इंजिन एवढ्या एकाच गोष्टीवरून गाडी चालवण्याचा प्रयत्न सिद्ध होत नाही, आणि इंजिन का चालू होतं याचं आरोपीने दिलेलं कारण असंभाव्य नाही.

पण याला पूर्ण यश म्हणवत नाही. कलम २०६ प्रमाणे जप्त झालेलं लायसन्स परिवहन कार्यालयाकडे गेलं होतं आणि तिथली कारवाई कोर्टासाठी थांबत नाही. तिथे आम्ही लेखी म्हणणं दिलं, तरी तीन महिन्यांची अपात्रता आली. खटल्याचा निकाल लागेपर्यंत ती भोगून झाली होती. ते तीन महिने नितीनने पदरच्या पैशाने ड्रायव्हर ठेवला. वकिलाची फी आणि हेलपाटे धरले तर खर्च दंडाच्या कितीतरी वर गेला. ज्याच्याजवळ एवढा पैसा आणि वेळ नाही तो कबुली देऊन मोकळा होतो, आणि अशी माणसं मी दर आठवड्याला कोर्टाच्या व्हरांड्यात बघतो.

वेगळं काय करता आलं असतं

नितीनचा मूळ निर्णय बरोबर होता. चुकला तो ड्रायव्हरच्या सीटवर बसण्यात आणि इंजिन चालू करण्यात. मागच्या सीटवर बसून किल्ली वॉचमनकडे ठेवली असती तर बहुधा केसच उभी राहिली नसती. किल्ली हाताशी नसणं हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात बोलका पुरावा. हॉटेलच्या रिसेप्शनवर फोन चार्जिंगला लावता आला असता. बायकोला साडेबारालाच बोलावता आलं असतं, पहाटे बोलावलंच.

इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपण्यात कायद्यापलीकडचा एक धोका आहे आणि तो जास्त गंभीर आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये, किंवा सायलेन्सरचं तोंड चिखलापाण्याने बुजलं असेल तर तो वायू आत साठतो, आणि प्यायलेला झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही.

पोलिसांशी बोलताना "कुठं निघालात" या प्रश्नाला "कुठेच नाही, कॅबची वाट बघतोय, हे बघा बुकिंग" एवढं शांतपणे सांगायला हवं होतं. फुंकायला नकार देण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार कलम २०५ प्रमाणे तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून येऊ शकतो, आणि संशय असेल तर अटकही होऊ शकते. फुंकावं, आणि त्याच वेळी पंचनाम्यात गाडी उभी होती, गिअर आणि हँडब्रेक असे असे होते, हे लिहून घ्यायला आग्रहाने सांगावं. मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढावेत, जमिनीसकट.

गाडी उभी आहे म्हणून आत बसून प्यायला हरकत नाही, असाही समज आहे. तो वेगळा विषय आहे आणि धोक्याचा आहे. बिहारच्या दारूबंदी कायद्याखालच्या एका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक रस्त्यावरच्या खासगी गाडीलाही सार्वजनिक ठिकाण धरलं होतं. शिवाय नशेत सार्वजनिक जागी त्रासदायक वागलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ आहे, त्याला गाडीची गरजच नाही.

आणखी एक हिशेब नितीनला माहीत नव्हता. तासाभराची झोप काढून निघू, असं त्याच्या मनात येऊन गेलं होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं. शरीर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅमच्या आसपास अल्कोहोल काढून टाकतं. झोपेने, कॉफीने, थंड पाण्याने तो वेग वाढत नाही. ८४ वरून ३० च्या खाली यायला साडेतीन तासांहून जास्त लागतात, म्हणजे एकला पकडलेला माणूस पाचपर्यंत गाडी चालवण्यालायक नसतो. कॅब मिळालीच नसती आणि तीनला जाग येऊन त्याने गाडी काढली असती, तर त्या वेळी खरोखर कलम १८५ चा गुन्हा घडला असता आणि मी ही केस घेताना दहादा विचार केला असता.

पोलिसांच्या बाजूने एक बदल सहज होण्यासारखा आहे. छापील नमुन्यात 'चालवत असताना मिळून आला' याच्या जागी वाहन चालू स्थितीत की उभं, चालक कुठल्या सीटवर, किल्ली कुठे, गिअर, हँडब्रेक, बॉनेटची उष्णता, असे रकाने ठेवावेत. ते भरायला दोन मिनिटं लागतात. पिऊन गाडी हाकणारा त्याने सुटणार नाही, उलट त्याच्याविरुद्धची केस पक्की होईल. आणि ज्याने गाडी न काढायचं ठरवलं, तो त्याच रात्री घरी जाईल.